गिरणी बंद केली त्याबद्दल

शनिवार, ता. १४
दुपार

दादा,

नमस्कार. वहिनी आणि चिमणी बऱ्या असतील असं धरून चालते. आधी जे झालं ते क्रमाने लिहिते. घाईत असलास तर एवढं वाचलंस तरी चालेल.

१. गेल्या रविवारी मी बाबांचा जुना कम्प्युटर काढला आणि मी स्वतः जोडलेला नवा त्या जागी ठेवला.
२. नव्याला पंखा नाही. तो आवाज करत नाही आणि वीज फार कमी खातो.
३. मंगळवारी दुपारी आई स्वयंपाकघरातून मधल्या खोलीकडे जाताना उंबरठ्याला अडखळून पडली. उजवं मनगट मोडलं. गुडघा सुजला आहे. प्लास्टर सहा आठवडे.
४. बाबा मधल्या खोलीतच होते. त्यांना काही ऐकू आलं नाही. मी ऑफिसात होते.
५. मुद्दा एक आणि मुद्दा तीन यांचा संबंध आहे.

फोनवर मी तुला फक्त तिसरा मुद्दा सांगितला होता. तू "अरे बापरे, जपा" म्हणालास आणि फोन वहिनीकडे दिलास. म्हणून कागदावर विचारते: तू सहा आठवडे इथे येऊन राहशील का? तुझं काम लॅपटॉपवर चालतं, ते इथूनही चालेल. का विचारते आहे ते पुढे येईल. मला ते एकदम लिहिता येत नाही.

जुनं धूड तुला आठवत असेल. तूच आणलं होतंस. गेली दोन वर्षं त्याचा पंखा असा काही घरघरायचा की आई त्याला गिरणी म्हणायची. "गिरणी सुरू झाली वाटतं," म्हणत ती चहाचं आधण ठेवायची. बाबा त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांच्यावरचे डाग आणि ओरखडे पुसत बसतात, ते तुला माहीत आहे. एकेका फोटोवर अर्धा दिवस. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना त्या आवाजाचं काही नव्हतं. कान माझे किटले होते.

नवा मी नीट विचार करून जोडला. कमी विजेवर चालणारा प्रोसेसर. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, कारण जे फिरतं ते कुरकुरतं. वीजपुरवठ्याच्या डब्यातही पंखा असतो, म्हणून तो डबाच नको. लॅपटॉपला असतो तसा बाहेरचा अडॅप्टर. पेटी ॲल्युमिनियमची, तिच्या पाठीला खाचा, उष्णता त्या पाठीतूनच बाहेर पडते. प्रोसेसर आणि पाठ यांच्यामध्ये उष्णता पोचवणारा लेप लावावा लागतो. तो पहिल्यांदा जास्त लागला, पुसून पुन्हा लावला. प्लगला मीटर लावून बघितलं. जुनं नुसतं बसून नव्वद वॅट खायचं. हा आठ.

चालू केला आणि पेटीला कान लावला. काहीही नाही. मला फार बरं वाटलं.

बाबा म्हणाले, "टेबल थरथरत नाहीये. बंद आहे का?"

"चालू आहे, बाबा."

"मग मला कसं कळणार?"

"हिरवा दिवा बघा."

"दिवा बघू का फोटो बघू?" पण मग बसले. तासाभराने म्हणाले, जरा हळू चालतोय, पण गुणी आहे.

त्या दिवसापासून आई सारखी मधल्या खोलीच्या दारात यायची. यायची, बघायची, परत जायची. बाबा वैतागले. "मी काय पळून चाललोय? दर पाच मिनिटांनी काय हजेरी घेतेस?" ती म्हणाली, "पळा की. निदान आवाज तरी होईल." मी हसले. ते बोलणं मला चेष्टेचं वाटलं. तिला नव्या वस्तूचं अप्रूप असेल असंही वाटलं. विचारलं नाही.

(मध्येच उठून दोघांना बघून आले. आई झोपली आहे. बाबा तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसलेत, कम्प्युटरपाशी नाहीत.)

दवाखान्यात प्लास्टर वाळायची वाट बघत होतो तेव्हा आई म्हणाली, "गिरणी बंद केलीस ना तू."

"त्याचा काय संबंध?"

"ती जोरात असली की हे फोटो पुसतायत. हळू झाली की डुलकी. फारच वेळ हळू राहिली की मी उठून बघते. गेल्या वर्षी हे खुर्चीत बेशुद्ध पडले, तेव्हा मी आत कशी गेले असं वाटतं तुला? सहज?"

दादा, आपण दोघंही तेच समजत होतो. सहज गेली, नशीब. डॉक्टरही तसंच म्हणाले होते, वेळेवर आणलंत. आई वर्षभराहून जास्त काळ भिंतीपलीकडून बाबांवर लक्ष ठेवून होती आणि त्यासाठी तिला फक्त तो घरघराट लागत होता. मी तो मोजला, त्याला दोष ठरवला आणि काढून टाकला. तो कुणाला हवा आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मग तिला दर वेळी दुखऱ्या गुडघ्यांनी उठून जावं लागलं, आणि मंगळवारी ती पडली.

बुधवारी मी कम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. जुनं धूड तिथल्या दुकानदाराने मोडीत घेतलं होतं आणि त्याचे भाग सुटे झाले होते. मी म्हटलं, पंखा द्या, सगळ्यात जास्त आवाज करणारा. दुकानदार म्हणाला, "ताई, रविवारी तुम्हीच मला शांततेवर व्याख्यान दिलंत." तरी शोधून दिला. तो मी पेटीला बाहेरून बसवला आणि छोटा प्रोग्रॅम लिहिला: प्रोसेसर तापला की पंखा जोरात, निवला की हळू. थंड राहणाऱ्या यंत्राला मी पंखा जोडला. कॉलेजातल्या सरांना हे कळू नये.

बाबांना फोटो पुसायला बसवलं आणि पलंगावरच्या आईला विचारलं, "ऐकू येतंय?"

"येतंय. हुबेहूब आहे."

"मग झालं तर."

"झालं काय? ऐकू आलं तरी मी आता उठणार कशी?"

आवाज कितीही चांगला केला तरी तो ऐकून उठणारं माणूस लागतं, आणि ते माणूस सध्या पलंगावर आहे. मी रजेवर आहे. रजा पुढच्या शनिवारी संपते. मी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जाते. बसले की वाटतं उठावं, उठले की कळत नाही कशाला उठले. पंखा हळू झाला की हातातलं टाकून जाते. बाबा म्हणतात, "आता तू सुरू झालीस का?"

आता राहिलेलं लिहिते.

वीज आणि आवाज ही कारणं खरी होती, पण पूर्ण नव्हती. मला आठ वॅटचं यंत्र हवं होतं कारण ते कायम चालू ठेवायचं होतं, वीज गेली तरी बॅटरीवर. बाबांनी बराच वेळ माउस हलवला नाही, तर त्याने मला निरोप पाठवायचा, मी कुठेही असले तरी. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी मात्र गुरुवारी विचारलंच, "रात्रंदिवस चालू कशासाठी ठेवायचं? तू तर इथेच असतेस."

मी म्हटलं, "सोयीचं असतं." आणि भांडी घासायला गेले.

मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. मशीनचं नियंत्रण करणारे सर्किट बोर्ड तयार करण्याची, म्हणजे मी जे शिकले त्याची. एक तारखेपासून. इथे मी काय करते ते तुला माहीत आहे: लोकांचे प्रिंटर चालू करून देते. मला उत्तर द्यायला शुक्रवार, ता. २० पर्यंत वेळ दिला आहे. घरात कुणाला माहीत नाही. आई पडण्याआधी सांगणार होते. आता सांगितलं तर ती "जा" म्हणेल आणि पलंगावरून उठायला बघेल.

तू गेलास तेव्हा मी दहावीत होते. तू जाऊ शकलास, कारण मी घरी होते. हा आरोप नाही. तेव्हा तुला ते दिसलंही नसेल. मला आत्ता ते स्पष्ट दिसतं, कारण मी गेले तर घरी कुणी नाही.

मला जायचं आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय.

मी सहा आठवडेच मागतेय. त्यानंतर आईचा हात चालेल, दिवसा मदतीला बाई ठेवता येईल, तेव्हाचं मी बघून ठेवते. वहिनीशी आधी बोल, पण उत्तर तू दे. "बघू" असं लिहू नकोस, त्याचं मला काही करता येत नाही. नाही असेल तर नाही लिही. मी त्या कंपनीला नकार कळवेन आणि तुला पुन्हा विचारणार नाही.

पत्र कुरिअरने पाठवतेय, सोमवारी मिळेल. गुरुवार, ता. १९, संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझी,
धाकटी