चार बोटांची फट

होम्स काउंटी, ओहायो
११ मार्च १९९७

चि. वेर्नास सलोमाचे अ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरं तर काहीच ठीक नाही आणि त्याला कारण तू आहेस.

नाताळात तू आईला पत्र घातलंस. त्यात विचारलंस, की आज डोळे मिटले तर देवाकडे जाशील याची तुला खात्री आहे का. तिच्या उत्तराची वाटही न बघता पुढच्याच ओळीत लिहून मोकळी झालीस, की नुसती आशा पुरत नाही, ज्याला खात्री नाही त्याचं तारण झालेलंच नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पोस्टाने पाठवायची ही गोष्ट आहे का, वेर्ना? तिकडे केंटकीत तुमच्या नव्या चर्चच्या मंडळीत काय शिकवतात ते शिकवोत. आपल्या जुन्या चालीच्या मंडळीत कोणी मी तरले असं म्हणत नाही. देवाने निकाल द्यायच्या आधीच गुडघ्याला बाशिंग बांधायचं, याला आपण गर्व म्हणतो. आपण आशा धरतो, नीट वागतो आणि गप्प बसतो. तू आपल्यातच वाढलीस, तुला हे नव्याने सांगायला नको.

तुझं पत्र आल्यापासून आईची झोप गेली. गोधडी शिवायची चौकट तिने भिंतीला टेकवून ठेवली आहे, सुईला हात लावत नाही. परवा तिने माझ्या नवऱ्याला, रूबेनला विचारलं, की तुला तुझ्या तारणाची खात्री आहे का. तो बिचारा धार काढून आला होता. म्हणाला, की मला लाल गाय गाभण आहे की नाही याचीसुद्धा खात्री नाही. एरवी ती हसली असती.

आता मुद्द्याचं. प्रभुभोजनाच्या आधीची सभा तेरा एप्रिलला आहे. बाकांमधून फिरत एकेकाला विचारतील, देवाशी आणि मंडळीशी समेट आहे का. आई साठ वर्षं हो म्हणत आली. यंदा नाही म्हणणार आहे. एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळ्यांचं प्रभुभोजन थांबतं, हे तुला आठवत असेल. तेव्हा ताबडतोब तिला पत्र घाल आणि लिही, की माझं चुकलं.

तुझा नवरा लेव्ही ट्रक चालवायला शिकला असं कानावर आलं. त्याला साधा घोडा कधी आवरला नाही. जपून राहा.

लोभ आहे, पण सध्या रागाच्या खाली दबला आहे.

तुझी,
सलोमा


बेरिया, केंटकी
१९ मार्च

ती. सलोमाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझं चुकलं असं मी लिहिणार नाही.

तू झोपेचं बोलतेस. बाबांची शेवटची सकाळ आठव. मी दारात उभी होते, कारण आत आले तर बिशप ॲटली बाहेर जाईल असं तूच सांगितलं होतंस. बाबांनी त्याला विचारलं, की मला देव घेईल ना. पन्नास वर्षं एकही रविवार न चुकवलेला माणूस विचारत होता. आणि ॲटली काय म्हणाला? आपण आशा धरू या. दारातून मला आईची पाठ दिसत होती आणि पलंगाच्या कठड्यावर आवळलेली बाबांची बोटं. पांढरी पडली होती ती. मरणाऱ्या माणसाच्या तोंडावर आशा फेकायची, भिकाऱ्याला शिळी भाकर टाकावी तशी! माझ्या आईला मी तसं मरू देणार नाही. मला माझ्या तारणाचा दिवस सांगता येतो, तुला तुझ्या कोंबड्यांची नावं सांगता येतात तितक्या सहज. यात गर्व कसला? देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याने घेतलं.

आणि तू मला नीट वागायचं सांगतेस, तर बाबांच्या मयताच्या जेवणाचंही आठव. मंडळी सोडल्याबद्दल मला वाळीत टाकलेलं, म्हणून माझं टेबल वेगळं. पण पाहुण्यांना ते दिसू नये म्हणून तू ते मोठ्या टेबलाला जवळजवळ चिकटवलंस, मध्ये चार बोटांची फट ठेवलीस आणि दोन्हींवर एकच पांढरं कापड घातलंस. नियम पाळला आणि शोभाही राखली. मग कुणीतरी रश्श्याचं भांडं नेमकं त्या फटीवर ठेवलं आणि सगळा रस्सा माझ्या मांडीवर आला. मी टेबल पुसायला फडकं पुढे केलं, तर वाळीतल्या बाईच्या हातून ते घ्यायचं कुणी म्हणून बायका एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहिल्या. त्यांत तूही होतीस, ताई. भाजलेली मांडी बरी झाली. बाकीचं नाही झालं.

आईला सांग, मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. ट्रक लेव्ही उत्तम चालवतो. ट्रक लाथा मारत नाही.

तुझा राग पोचला, माझाही पोचता करते.

तुझी धाकटी,
वेर्ना


होम्स काउंटी
१६ एप्रिल

चि. वेर्नास अ. आ.

झालं तुझ्या मनासारखं.

रविवारी सभा झाली. आमच्या बाकापाशी प्रश्न आला तेव्हा आई उभी राहिली. आपल्या बायका बसूनच हो म्हणतात, ही उभी राहिली. म्हणाली, की मंडळीशी माझा समेट आहे, देवाचं मला माहीत नाही. मग तिने थेट पुढे बसलेल्या ॲटलीला विचारलं, की जोनस देवाकडे गेला की नाही ते एकदा सांग. माझी एक मुलगी म्हणते की ज्याला खात्री नाही तो गेलाच नाही, आणि जोनसला खात्री नव्हती, ती त्याने तुझ्याकडेच मागितली होती. ॲटली म्हणाला, की आपण आशा धरतो, मॅटी. त्यावर ती म्हणाली, की आशा मी कापलेलं गवत वाळायची धरते. नवऱ्याचं मला कळायला हवं. ते कळेपर्यंत मी प्रभूच्या मेजाला येणार नाही.

इतके महिने मी समजत होते की ती स्वतःसाठी घाबरली आहे. वेर्ना, ती बाबांसाठी जागी राहत होती. तुझ्या त्या एका ओळीने तू बाबांना कुठे नेऊन टाकलंस, याचा तू लिहिताना विचार तरी केला होतास का?

प्रभुभोजन पुढे ढकललं. आता येता-जाता लोक आमच्याकडे असे बघतात, जणू आमच्या घरात देवीचा रोगी आहे. ते मी सोसलं असतं. पण सभा सुटल्यावर ॲटली रूबेनला बाजूला घेऊन म्हणाला, की म्हातारीला चळ लागला आहे, तिला जरा सांभाळा. माझ्या आईला चळ! आयुष्यात पहिल्यांदा मला बिशपच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच्याच घोड्याला चारावीशी वाटली. असलं काही लिहिते आहे, देव क्षमा करो. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर त्याच्याकडे नव्हतं, ते मलाही दिसलं.

डॉक्टर म्हणतात, तिचं हृदय थकलं आहे. हे वर्ष निघेल असं सांगवत नाही. तू ये. जेवायला टेबल वेगळं असेल, ते माझ्या हातात नाही. तरी ये.

सलोमा


बेरिया
२१ एप्रिल

ती. ताईस सा. न.

शुक्रवारच्या बसने निघते. बाबांचा विचार मी केला नव्हता. मला तुझा राग आला आहे आणि त्याहून जास्त माझा. टेबलाचं काय करायचं ते कर. मी अंगणात उभ्याने जेवेन.

वेर्ना


होम्स काउंटी
८ मे

चि. वेर्नास आईचे अ. आ.

हे पत्र टाकायच्या आधी सलोमाला वाचून दाखवणार आहे, म्हणजे कुणाच्या पाठीमागे बोलले असं व्हायला नको. तू इथे होतीस तेव्हा तू रडत होतीस आणि ती ओरडत होती, त्यामुळे मला माझं बोलताच आलं नाही. दोघींवर मी रागावले आहे. ते आधी ऐका.

सलोमा, तू चार दिवस बहिणीला एक शब्द गोड बोलली नाहीस आणि चारही दिवस तिच्या आवडीच्या नूडल्स केल्यास. हा काय प्रकार आहे? आणि वेर्ना, तू दुसऱ्याच्या अंतःकरणात कंदील घेऊन शिरतेस. देवाने तुला काही दिलं असेल तर ते मुकाट्याने खा, दुसऱ्याच्या ताटात किती आहे ते मोजू नकोस. तुझा बाप चांगला होता.

आता वेर्ना इथे होती तेव्हाच्या जेवणाचं. मी कापड उचलून खालची फट बघितली, ते तुम्ही दोघींनी पाहिलं. नेमकी चार बोटं होती. बरोबर होती, कारण ती ठेवायला सलोमाला मीच शिकवलं होतं. वेर्नाला वाळीत टाकायचं ठरलं तेव्हा मंडळीत हो म्हणणाऱ्यांत मीही होते. मग मी माझी खुर्ची त्या फटीशी ओढली आणि ताट बरोबर फटीवर मांडलं. वेर्ना, तुझ्या हातून वाढून घेतलं. मला चळ लागला नव्हता. भूक लागली होती, आणि तुझ्याशेजारी बसून जेवायला मला सहा वर्षं मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ॲटली आला. त्याला कॉफी दिली, ॲपल-पाय दिला आणि मग सुनावलं. म्हटलं, ही मुलगी मंडळी सोडून गेली तेव्हा मी इतकी संतापले की वर्षभर तिचं नाव घेतलं नाही. तिचं या नाताळातलं पत्रही चुलीत घातलं. पण या सहा वर्षांत कुणी मला विचारलं की मुलं किती, तर दोन सांगितली. एक असं चुकूनसुद्धा तोंडात आलं नाही. माझी मुलगी आहे की नाही याची मला कधी आशा धरावी लागली नाही, ॲटली. राग होता तेव्हाही ती माझीच होती. माझ्यासारख्या तापट बाईला एवढं कळतं आणि देवाला कळत नसेल, असं तुला म्हणायचं आहे का? त्याने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, की मला तसं म्हणायचं नाही. तो वाईट माणूस नाही. भित्रा आहे.

फटीवर जेवले म्हणून मंडळीपुढे गुडघे टेकून माफी मागायला सांगितलं आहे. मागेन. नियम मोडला ते खरंच आहे, गुडघे दुखतील तेही खरं. मग पुन्हा विचारतील, देवाशी समेट आहे का. मी हो म्हणेन. खात्री आहे का, ते आपल्यात विचारत नाहीत, म्हणून मी होऊन सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही.

आता तुझ्या बाबांचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुम्ही दोघी त्यांची बोटं धरून भांडता, म्हणून सांगते. वेर्ना, तुला दारातून माझी पाठ दिसत होती, म्हणून तुला तो कठडा वाटला. त्यांनी माझा हात धरला होता. घाबरले होते ते, खोटं कशाला बोलू. घट्ट धरला होता. मग तू अंगणात गेलीस आणि थोड्या वेळाने त्यांची पकड सुटली. त्यांना धरवेना. तेव्हा मी धरला. ते गेल्यावर शेजारची माणसं त्यांना अंघोळ घालायला आली, तेव्हा माझी बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

इतके महिने मी जोनसची पकड आठवून जागी राहत होते. सुटली, म्हणजे तो हरवला, असं वाटायचं. तू आलीस, तुझ्या शेजारी जेवले आणि त्या दिवशी दुपारी जेवणानंतर खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा मला माझा हात आठवला. तो सुटला नव्हता. मग मी चौकट भिंतीपासून काढली. आता गोधडी पुरी होत आली आहे. निळी आहे, तुला पाठवते. ती तुझ्या हातून मी घेणार नाही, तू माझ्या हातून घेणार आहेस, त्यामुळे ॲटलीने काळजी करू नये.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. तो आहे. तुझ्या मागण्यावर तो कधीच अवलंबून नव्हता.

आई