बाबांच्या कानाला चालेल असा प्लेअर

४ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी आजही ताट सरकवलं. दोन घास, बस. आई गेल्यापासून माणूस निम्मा झालाय. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. जेवतच नाहीत तर असणार काय!

दुपारी मात्र स्वतःहून बोलले. "तुजे आयचा आवाज हाय ना तुज्याकडं? मनालीचे हलदीचा? तो आयकव एकदा. मंग जेवतो."

मनाली म्हणजे मामाची मुलगी. तिच्या हळदीला आईने मांडवात म्हटलेले धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी, मी रेकॉर्ड केली होती, ती कॉम्प्युटरवर आहेत. धावत जाऊन लावली. त्या बोटभर स्पीकरमधून काय येणार? "माशी घोंगावते," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

५ फेब्रुवारी

धामणकर नाक्यावरून मोठा हेडफोन आणला. रिक्षात येतानाच ठरवून टाकलं, नुसता आवाज वाढवून भागणार नाही. बाबांचे कान लूमने खाल्लेत. मिसरूड फुटायच्या आधीपासून कापडाच्या कारखान्यात मागांपुढे उभे. पुढे स्वतःचे लूम टाकले, तरी दिवसभर त्याच खटखटाटात. कानाच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलंय — जाडे आवाज येतात, बारीक आवाज कधीचेच गेले. कानाचं मशीन दिलं होतं, ते कपाटात पडलंय.

आणि आईचा आवाज नेमका बारीक. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टोचायचा. म्हणजे तेवढाच भाग चढवायला हवा. त्यासाठी इक्वलायझर लागतो. त्यात पट्ट्या असतात, एकेक पट्टी आवाजाचा एकेक भाग वर-खाली करते.

कॉम्प्युटरवर लिनक्सबरोबर आलेला रिदमबॉक्स प्लेअर आहे. गाणी नीट लावतो. इक्वलायझर काही सापडला नाही.

६ फेब्रुवारी

दीपेशचा डोंबिवलीहून फोन. "ताई, मोबाईलवर लाव ना. कशाला डोकं फोडून घेतेस?"

लावून पाहिलं होतं रे बाबा. माझ्या मोबाईलमध्ये 'पॉप', 'रॉक', 'बास' एवढंच निवडता येतं. धवल्याला यातलं काय लावू? हा लिनक्स यानेच घातला. "जुना कॉम्प्युटर पळायला लागेल," म्हणाला होता. पळतोय. मीच धापा टाकतेय.

७ फेब्रुवारी

एलिसा नावाचा प्लेअर उतरवून घेतला. दिसायला देखणा, पण त्यातही पट्ट्या दिसल्या नाहीत. काढून टाकला.

बाबा : अर्धा कप चहा.

८ फेब्रुवारी

ऑडेशियस. दहा पट्ट्या! खुर्चीतच उडी मारली मी. बारीक आवाजाच्या सगळ्या पट्ट्या पार वर नेल्या आणि आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. आईचा आवाज फाटला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. हे बाबांना ऐकवलं असतं तर त्यांनी पुन्हा नावच काढलं नसतं.

पट्ट्या उतरवल्या, चढवल्या, पुन्हा उतरवल्या. शेवटी कीबोर्डवर हात आपटला. बाबा आतून म्हणाले, "झाला का गो?" नाही झालं, बाबा. मला काही जमत नाही.

रडले. बरं वाटलं नाही.

९ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी वाढवून मागितली. साहेबांनी कारण विचारलं. 'प्लेअर सापडत नाही' असं कसं सांगणार? वडील आजारी, म्हटलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

घरीच सलाइन लावलं. हाताची शीर सापडेना, तीनदा टोचलं. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावलं. "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. जगायची इच्छाच दिसत नाही त्यांची."

आहे इच्छा. एकच आहे, आणि ती माझ्याकडून पुरी होत नाही! एक गाणं लावायचंय, एका माणसाला. जगात एवढे प्लेअर कशाला बनवून ठेवलेत?

आई असती तर तिलाच बाबांजवळ बसवून म्हणायला लावलं असतं. काय वेड्यासारखं लिहितेय मी.

११ फेब्रुवारी, रविवार

डेडबीफ. नाव खाटकाच्या दुकानासारखं, पण पट्ट्या अठरा. आणि एका साइटवर कुणीतरी लिहिलेलं सापडलं, की आधी एकूण आवाज उतरवायचा आणि मग हव्या त्या पट्ट्या चढवायच्या, म्हणजे फाटत नाही. एवढं साधं! ऑडेशियसला उगाच शिव्या दिल्या.

कानाच्या डॉक्टरांनी दिलेला जुना आलेख समोर ठेवला. जिथे बाबांची रेघ खाली गेलीय, तिथे पट्टी वर. संध्याकाळ याच्यातच गेली. मला ऐकायला कडक लागतं, दात आंबतात. पण माझ्या कानांसाठी नाहीच ते.

बाबांचा डोळा लागलाय. उद्या सकाळी ऐकवते. आता नाही जमलं तर मला पुढचं काही सुचत नाही.

१२ फेब्रुवारी

बाबांनी अख्खा धवला ऐकला. उशीला टेकून, डोळे उघडे ठेवून. मध्येच म्हणालेही, "सबूद न सबूद कलते." मी देवाला हात जोडले.

मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "बरी गाते. कोन हाय ती?"

मी स्क्रीनवर फाईलचं नाव पुन्हा पाहिलं. आईचीच होती.

"आता तुजे आयचा लाव."

आईशी लग्न झालं तेव्हाच त्यांच्या कानातून बारीक आवाज गेलेले होते. ही बाई त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"लावते," म्हटलं, आणि चढवलेल्या पट्ट्या एकेक करून खाली ओढायला घेतल्या.