टिंबापुढचा आकडा

६ मार्च, सोमवार

गेली एकदाची शेपटं! अकरा वर्षं लॅबच्या साइटवर प्रत्येक पत्त्याच्या शेवटी ते 'डॉट डू' लोंबत होतं. साइट जुन्या जावात लिहिलेली, तिची सवय, दुसरं काय. लॅबच्या डॉक्टरीणबाई कंटाळल्या होत्या. "पेशंटला फोनवर पत्ता सांगता सांगता माझा जीव जातो हो!" आता पत्ता कसा स्वच्छ - रिपोर्ट, मग घराचा नंबर, टिंब, माणसाचा नंबर. संपलं.

नंबरांची पद्धतही माझीच. एका घराला एक नंबर. टिंबापुढे कर्ता एक, बायको दोन, मग पोरंबाळं ओळीनं. तेव्हा फार हुशारी वाटली होती.

मॅनेजरनं विचारलं, "तपासलंस ना नीट?" तपासलं की! माझाच नंबर टाकला, २२१०.१. रिपोर्ट झटक्यात उघडला. साखर जरा वर आहे. ते जाऊ दे.

७ मार्च, मंगळवार

ताई आणि भाऊजी सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आले. दरवर्षी मी मागे लागतो तेव्हा कुठे जातात. ताई म्हणे, "छोट्या, तुझी साइट चालावी म्हणून आम्ही रक्त आटवायचं का?" छप्पन्न वर्षांचा झालो, अजून छोट्याच!

८ मार्च, बुधवार

काही नाही. मान दुखते.

९ मार्च, गुरुवार

संध्याकाळी ताईचा फोन. "जरा येऊन जातोस?" एवढंच. चप्पल घातली आणि निघालो.

गेलो तर ताईनं मोबाइल हात लांब करून धरलेला, चष्मा कपाळावर. किडनीचे आकडे बिघडलेत. एक तर चांगला तिप्पट. लाल रंगात. तो लाल रंग मीच दिला होता - लोकांच्या लक्षात यावं म्हणून!

ताई म्हणाली, "आई यानंच गेली ना रे?" मी म्हणालो, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

भाऊजींना विचारलं, तुमचा? "माझा एकदम ठणठणीत," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला तरी ओट्यापाशी नुसते उभे. गॅस शेवटी मीच बंद केला. चाळीस वर्षांच्या संसारात यांना स्वयंपाकघरात असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

त्यांचे नेहमीचे डॉक्टर रजेवर. शुक्रवारी, सतराला येणार. मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर ताई म्हणे, "आठ दिवसांनी काय बिघडतंय? बिघडायचं ते बिघडलंय."

इथे लिहितो - मी घाबरलोय. आईबाबा गेल्यावर ताईशिवाय मला आहे कोण!

११ मार्च, शनिवार

ताईकडे जेवलो. हिचं काही कळत नाही. आजारी ही, आणि सगळं लक्ष भाऊजींवर. "पाणी प्या. पाय वर घेऊन बसा. शुक्रवारी चारला माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचंय हं, मी एकटी जाणार नाही." भाऊजी "बरं बरं" म्हणत राहिले. स्वभावच तो तिचा. स्वतःकडे बघायचं नाही म्हणजे नाही. मला राग आला.

१३ मार्च, सोमवार

क्रमानं लिहितो, नाहीतर माझं मलाच उद्या समजायचं नाही.

सकाळी एका बाईंची तक्रार आली. "माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटची तपासणी कशी काय?" मॅनेजर खो खो हसला. मीही हसलो. मग तिचा नंबर पाहिला, टिंबापुढे तीन. माझं हसू तिथेच विरलं.

झालं असं की शेपूट मी काढलं, पण शेपूट कापणारी सुरी फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे त्यात, तशीच चालू राहिली! शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं कापायचं, हा तिचा जुना नेम. पूर्वी 'डॉट डू' कापलं जायचं आणि नंबर शाबूत राहायचा. आता 'डॉट डू' नाही, म्हणून तिनं टिंबापुढचा आकडाच कापला. उरला नुसता घराचा नंबर. आणि नुसता घराचा नंबर आला तर काय दाखवायचं? कर्त्याचा रिपोर्ट. ही ओळ कुणी लिहिली? मीच, अकरा वर्षांपूर्वी, सोय म्हणून.

म्हणजे गेल्या सोमवारपासून प्रत्येक बायकोला नवऱ्याचा रिपोर्ट दिसतोय, प्रत्येक पोराला बापाचा.

वर नाव असतं ना? असतं. ते नाव एक स्क्रिप्ट, म्हणजे वेगळ्या फाइलमधला छोटा प्रोग्राम, आणून लावते. पानात तिचा ठिकाणा मी 'एक पायरी वर जा, तिथे आहे' असा लिहिला होता. नव्या पत्त्यात एक पायरी वाढली. स्क्रिप्ट सापडली नाही, तर पान काही बोंब मारत नाही. नावाची पट्टी कोरी राहते, बस्स.

मी तपासलं तेव्हा पट्टी कोरीच असणार. पण स्वतःचं नाव वर आहे की नाही, हे कोण वाचतं! आणि घरात मी एकटा. माझा नंबर एक, आणि दोन नंबरचं माणूस नाहीच. आकडा कापला काय, राहिला काय, माझाच रिपोर्ट येणार. सगळ्या गावात ही चूक ज्याला दिसणारच नाही असा माणूस मी, आणि तपासायला बसलो मीच.

चारच्या सुमाराला लख्ख कळलं. ४१२७.२. ताई! तो रिपोर्ट ताईचा नाहीच! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरची बाई बघतच राहिली. जिन्यात जाऊन ताईला फोन लावायला घेतला.

आणि तिथेच पायरीवर बसलो. मग तो आहे कुणाचा?

१४ मार्च, मंगळवार

दुरुस्ती किती? सुरी बंद करायला एक ओळ. स्क्रिप्टचा ठिकाणा पायऱ्या न मोजता मुळापासून लिहायला एक ओळ. दोन ओळी!

मॅनेजर म्हणाला, "झालं ना नीट? मग आता तोंड उघडू नकोस. नऊ दिवसांत कुणी एवढं बघितलंय!" मी लॉगमधून, म्हणजे कुणी काय उघडलं त्या नोंदीतून, मोजून दाखवलं. तीनशे अकरा जणांनी दुसऱ्याचा रिपोर्ट आपला समजून वाचला होता. कुणी बरं नसताना निश्चिंत असेल, कुणी बरं असताना रडत असेल. त्याला टेबलावर हात आपटून सांगितलं, "एकूण एक माणसाला फोन गेला पाहिजे." एवढा मोठा आवाज मी त्या ऑफिसात कधी केला नव्हता. शेवटी सरळ डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी माझ्यावर कडाडल्या - बरोबरच आहे - मग म्हणाल्या, "रिपोर्टचं पान आधी बंद करा. यादी द्या. मी माझ्या माणसांकडून फोन करवते."

संध्याकाळी भाऊजींना बागेत गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तिचा चांगला आहे?" हो, म्हटलं, सगळे आकडे ठीक, मी डोळ्यांनी पाहिले. तोंडावर रुमाल धरला त्यांनी आणि रडले. "मी गुरुवारी सकाळीच माझा बघितला होता रे. म्हटलं, हिला सांगायचं नाही. मग संध्याकाळी हिचाही तसाच निघाला... मला वाटलं, दोघांनाही एकदमच."

रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तिला सांगू नकोस. शुक्रवारी तिच्याबरोबर जातोच आहे, डॉक्टरांना बाजूला घेऊन बोलेन. पुढचं पुढे."

"अहो, पण तिला वाटतंय की तीच आजारी आहे!"

"दोन-तीन दिवस वाटू दे. माझं ऐक एवढं."

चाळीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

१५ मार्च, बुधवार

यादीतून ताईची ओळ काढली. तीनशे दहा जणांची यादी डॉक्टरीणबाईंना पाठवली.

जेवण गेलं नाही.

१६ मार्च, गुरुवार

लॅबची माणसं फोन करतायत. एक म्हातारे रिसेप्शनवर येऊन हात जोडून गेले म्हणे. त्यांच्या बायकोला औषधाची गरजच नव्हती. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून." मला त्यांच्याकडे बघवेना.

परक्या तीनशे दहा जणांना खरं सांगायला मी टेबलं आपटतो, आणि सख्ख्या बहिणीला रोज आईचं मरण आठवायला लावतो. ती आईच्या आजाराचा हिशोब स्वतःवर मांडत झोपत असेल! आणि कशासाठी? तिला रडताना बघायचं धाडस आम्हा दोघांना नाही म्हणून. थू!

ओळ परत टाकली. बाईंना सांगितलं, माझ्याकडून राहिली होती. भाऊजींना फोन करून कळवलं, "उद्या अकराला लॅबमधून तिला फोन जाईल. त्याआधी तुम्ही सांगा." त्यांनी फोन ठेवून दिला.

१७ मार्च, शुक्रवार

भाऊजींनी सांगितलं नाही. लॅबचा फोन अकराला गेला आणि पाच मिनिटांत ताईचा मला. "अरे, तो रिपोर्ट यांचा आहे, हे मला शनिवारीच कळलं होतं. हिमोग्लोबिनच्या ओळीत लिहिलंय - पुरुष, तेरा ते सतरा. तू वाचलं नाहीस?" मग एकदम हळू आवाजात, "त्यांना बोलू नकोस हं मला माहीत आहे म्हणून. स्वतःसाठी ते डॉक्टरची पायरी चढायचे नाहीत. माझ्या सोबतीला म्हणून कसेबसे तयार केलेत. मी आजारीच आहे चारपर्यंत."