दुखायचं थांबलं

॥ श्री ॥
मांडवगण फराटा, ता. शिरूर
१३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. धुरपदाआक्का यांस,
सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

पप्पूबरोबर पाठवलेलं सगळं पोचलं. गुळाची ढेप एक, पाचशेची. भुईमुगाच्या शेंगा घरच्या, त्याची किंमत लावत नाही. पप्पूचं जाऊन-येऊन तिकीट एकशे वीस. पैसे त्याच्याच खिशात घातले आहेत. तुम्ही रागवाल, पण बहिणीचं म्हणून फुकट खायची सवय मी तुमच्या भावाला लागू देणार नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मधे कुणी निरोप सांगितला की निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. पप्पू म्हणाला, आईची डावी खालची दाढ ठणकते, पदर गालाला लावून बसून असते, आणि किडीच्या भोकात मिश्री दाबते. आक्का, मिश्रीनं जीभ बधिर होते, कीड नाही. लवंगेचं तेलही तासाभराचं सोबती.

माझी दाढ मी ज्येष्ठात शिरूरला भरून घेतली. डॉक्टरीण ज्ञानेश्वरी म्हणून आहे, तुमच्या सुनेच्या, अनिताच्या वयाची. ती म्हणाली, गार पाण्यानं कळ येऊन लगेच गेली तर कीड वरच्यावर आहे, नुसतं भरून भागतं. पण काही न खाता आपोआप ठणका लागला, निजू देईना, तर आत नसेला लागलं म्हणायचं. तुमचं हे दुसरं दिसतं. उद्या-परवा चौफुल्याच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. जाताना कंजूषपणा करू नका, तो मान माझा आहे.

दाजींना नमस्कार, अनिताला आशीर्वाद. आम्हाला मनात धरून असा.

तुमची,
सिंधू

॥ आई भवानी प्रसन्न ॥
राहू, देवीच्या देवळातून
२५ सप्टेंबर

चि. सौ. सिंधूस धुरपदाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पैशाचं वाचून तुझे दाजी लई हासले. म्हनले, सोपानरावाची बायको मेल्यावर यमाकडनं बी पावती घील.

तुझं ऐकून चौफुल्याला जाऊन आले. त्यानं दाढ आतून पोखरली, औषध घातलं आन् वरून कच्चं सिमेंट लावलं. म्हनला, ही भरणी पक्की न्हाई, आठवड्यानं या, मुळं साफ करून मग पक्कं भरू आन् वर टोपी बसवू. गोळ्या बी दिल्या. पर तवर घट बसले. औंदा मी देवळात घटी बसलीया, अन् घटी बसलेली बाई दसऱ्याबिगर वेस ओलांडत न्हाई, हे तुला सांगाया नको. गोळ्या जेवणावर घ्यायच्या व्हत्या. माझं जेवणच न्हाई. दोन घेतल्या, बाकीच्या अनिताकडं दिल्या.

आता खरं ऐक. तिसऱ्या माळेला पहाटं उठले तर दाढ गप! मी मुद्दाम गार पाणी त्याच अंगानं धरलं. कळ न्हाई का काय न्हाई, दगडागत. पुजारी म्हनला, देवीनं दुखणं काढून घेतलं. सिंधू, मला रडूच फुटलं. इतक्या बायका घटी बसल्यात, पर आईनं माझ्याकडं बघितलं.

आता त्या चौफुल्याच्या सिमेंटवाल्याचं काम न्हाई. कोजागिरीला देवीची वटी भरणार, तू यायचंस. सोपानला म्हनावं बहिणीला इसरू नको.

धुरपदा

॥ श्री ॥
मांडवगण फराटा
२८ सप्टेंबर

ती. सौ. आक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा आधी मीही देवघरात नारळ फोडला. खोटं कशाला सांगू, प्रसादही वाटला. पण काल शिरूरला गेले होते. माझी भरलेली दाढ चावताना आधी टेकत होती, ती घासून बसती करून घेतली. त्या वेळी तुमचं सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरीण हसेल. ती हसली नाही. हातातलं काम खाली ठेवून मला समोर बसवलं.

ती म्हणाली, दुखणं गेलं म्हणजे दात बरा झाला असं नसतं. कधी कधी आतली नस मरते. मेलेल्याला दुखत नाही. पण घाण आतच राहते आणि मुळातून खाली हाडात, गळ्याकडे उतरते. कच्चं सिमेंट हे चार दिवस भोक झाकायला असतं. ते झिजतं, फटीतून लाळ जाते. आणि गोळ्या मधेच सोडल्या हे तर फारच वाईट. तिनं मला घोकून घेतलं ते लिहिते: जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, घोट गिळताना अडकणं, यातलं एक जरी झालं तरी घरी शेक घेत बसायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं. सुजेवर गरम काही ठेवायचं नाही.

आक्का, मी तुमच्या देवीवर बोट ठेवत नाही. माझ्याही घरी घट आहे. पण देवी तुम्हाला देवळातून उठून गेलात म्हणून टाकेल, असं मला वाटत नाही. आई लेकराला असं करत नाही. ह्यांनी दाजींना फोन केला, गाडी घेऊन येतो म्हणाले. दाजी म्हणाले, हसतीय, बोलतीय, आरती म्हणतीय, घटावरून उठवली तर आयुष्यभर मला बोलेल. आता मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

रागावा, पण उठा.

तुमचीच,
सिंधू

राहू
३ ऑक्टोबर

चि. सिंधूस आशीर्वाद.

काल दसऱ्याला घट उठला. घरी आले. तुझं पत्र वाचलं, अनिताला बी वाचाया दिलं. इतकं घाबरवून सोडायचं व्हय गं? तुझी डॉक्टरीण कालची पोर.

गालाखाली जरा सूज हाय. उपासावर एकदम जेवले, त्यानं आसंल. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकतीया, गोड लागतं. तोंड बोटभरच उघडतंय म्हणून भाकरी सोडून पेज घेते. दुखत म्हणशील तर अजून बी न्हाई. ताण लागतो निस्ता.

कोजागिरी तीन दिसांवर आली. वटी भरते आन् मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. बोललेली वटी न भरता डॉक्टरकडं पळाले तर आईला काय वाटंल? म्हनंल, हिचा इश्वासच न्हाई.

अंगात कणकण हाय, अक्षर माफ कर.

धुरपदा

राहू
१२ ऑक्टोबर

ती. सौ. मामींस,
अनिताचा नमस्कार. सुतक आहे म्हणून वर श्री लिहिलं नाही.

तुम्ही मातीला आलात, पण त्या गर्दीत बोलता आलं नाही. फोन सारखा कुणाच्या ना कुणाच्या हातात असतो, आणि बोलले की चार जणी ऐकतात.

तुम्हाला शेवटचं पत्र लिहिलं, त्याच रात्री आत्याबाईंना थुंकीसुद्धा गिळता येईना. जीभ वर ढकलल्यासारखी झाली, गळा दगडासारखा. ह्यांनी गाडी करून पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, पू दाढेतून गळ्यात उतरलाय, श्वासाची वाट दाबली गेलीय. जबड्याखाली चिरलं, गळ्यातून नळी घातली. ऐकू येत नव्हतंच, आता बोलताही येईना. मी तळहातावर बोटानं लिहायची. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर लिहिलं, वटी. मी भरते म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी गेल्या.

इथं सगळे म्हणतात, देवीनं नेलं. चुलत सासूबाई, म्हणजे ताईबाई, येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात की घट उठला आणि पाठोपाठ बाई गेली, केवढं पुण्य. दाढेचं कुणी नाव काढत नाही. मामंजी भिंतीकडं तोंड करून पडून असतात.

आता माझं. माझी एक दाढ दोन वर्षांपूर्वी भरलेली होती. दवाखान्यात पाव खाताना तिच्यातलं सिमेंट निघून हातात आलं. तेव्हापासून रात्रंदिवस ठणकत होती. ताईबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, घरच्या सुनेनं तेराव्याआधी दिव्यापासून उठून गाव सोडायचा नसतो, आणि दाढेनं काय माणूस मरतंय का! मग त्यांनीच पदर तोंडात धरला. पण जा म्हणाल्या नाहीत.

मामी, काल सकाळपासून दुखायचं थांबलं. गार पाणी लावून बघितलं. काही होत नाही.

तुमचं आत्याबाईंना आलेलं पत्र मी वाचलंय.

अनिता

मांडवगण फराटा
१४ ऑक्टोबर

चि. सौ. अनितास,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी मिळालं. लगेच पप्पूला फोन केला. तो म्हणाला, तेरावं होऊ द्या मामी, ताईबाईंसमोर मला बोलता येत नाही. आईला नळी घालताना बघून आलेलं पोरगं हे बोलतं! फोन ठेवला आणि लिहायला बसले. हे पत्र उद्या सकाळी मामा स्वतः आणतील. गाडी दारात उभी राहील. त्यांना चहासुद्धा विचारू नकोस, चप्पल घाल आणि बैस. शिरूरला डॉक्टरणीला सांगून ठेवलंय.

पुढचं ताईबाईंना मोठ्यानं वाचून दाखव.

ताईबाई, सुतक मीही पाळते. माझ्या घरात एकादशी चुकत नाही. दिव्यापाशी कुणी बसलंच पाहिजे, तर तुम्ही बसा. धुरपदाआक्का पुण्यवान होत्या, पण पुण्यानं गेल्या नाहीत. एका दाढेनं गेल्या, आणि वेस ओलांडायला आम्ही कुणी त्यांना हाताला धरून उठवलं नाही. वाट पाहणाऱ्यांत त्यांचा भाऊ होता, नवरा होता, तुम्ही होतात. आता ह्या पोरीला थांबवाल, तर पुढच्या खेपेला मी मातीला येणार नाही. दाराशी उभी राहून सगळ्या गावासमोर विचारीन.

अनिता, आता तुझ्यापुरतं. डॉक्टरीण गोळ्या देईल त्या सांगितल्या तितक्या पुऱ्या घे, दोन घास भात खाऊन घे, कुणी सुतकाचं सांगितलं तरी. कच्चं सिमेंट लावलं तर पुन्हा बोलावलेली तारीख तिथंच मामांना सांग. त्या तारखेला गाडी पुन्हा येईल. मुळं साफ करायला दोन-तीनदा जावं लागेल, दर खेपेला येईल. टोपी बसेपर्यंत त्या अंगानं भाकरी चावू नकोस. दात काढायचा म्हणाली तर काढ, रडत बसू नकोस.

परत आलीस की त्याच दिवशी पत्र टाक. दुखतंय की नाही ते लिहू नकोस. ते मला नको. डॉक्टरणीनं काय केलं, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
मामी