सात तोंडांचा एक मास्क

नवनगर, ऑगस्ट २००९, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. स्वाइन फ्लूसाठी सरकारी निधी हवा असेल तर तयारीचे फोटो पाठवा, असं वरून पत्र आलं. म्हणजे मास्क आधी दाखवायचे, मग मास्कसाठी पैसे!

आमच्या दवाखान्यात चांगला मास्क एकच. डॉक्टरांनी तोच आम्हा सात नर्सना आळीपाळीने लावायला सांगितला आणि एकेकीचा फोटो काढला. गिरिजाक्का सकाळपासून खोकतेय, आणि तिच्यानंतर माझाच नंबर. मास्क हातात घेतला तर आतून ओला, कोमट. रोग पसरू नये म्हणून हे? बाकीच्या कशा गप्प बसल्या? मी तरी सहा जणी होईपर्यंत का थांबले?

"मी नाही लावणार," म्हटलं.

"अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी," डॉक्टर कानडीत म्हणाले. "थोडं सांभाळून घ्या. फोटोपुरतंच आहे."

"ओला आहे तो, डॉक्टर. माझा असाच काढा."

डॉक्टरांनी रागारागाने माझा बिनमास्कचा फोटो काढला एकदाचा. वर म्हणतात, तुमच्या एका फोटोमुळे निधी अडेल. अडू दे! पैसे कशाला हवेत, ते त्या सातांतल्या एकाच फोटोत दिसतंय.