गाडी गोठ्यात लावली

आई, आज गाडी गोठ्यात लावली. टाकी काठोकाठ भरली, बॅटरीची वायर सोडली, उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला आणि तुझी गोधडी पांघरली. दावंसुद्धा बांधलं, खुंट्याला. दादा दारात उभा राहून बघत होता, पण हसला नाही. उद्या निघायचंय, तिकडे राजस्थानात पर्यटकांच्या तंबूंच्या कामावर, होळीपर्यंत. बॅग अजून भरलेली नाही आणि मी गव्हाणीच्या कडेवर बसून तुला लिहितोय. तुला कुठं वाचता येत होतं म्हणा. मी वाचून दाखवायला लागलो की म्हणायचीस, "हळू वाच रं, गाडी हाय का ती?"

पहिल्या हिवाळ्यात मी गाडी तुझ्या हवाली केली तेव्हा बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले होते, बैल विकले होते आणि गोठा रिकामा होता. भात झोडून झालेलं. तू विचारलंस, "हिला काय लागतं?" मी घाईत होतो. म्हटलं, काही नाही, नीट झाकून ठेव म्हणजे झालं. आणि तू झाकलीस. थंडीत बैलांच्या अंगाखाली घालायचीस तसा पेंढा खाली पसरलास, चारी बाजूंनी रचलास, पार हँडलपर्यंत. मी परत येतो, पेंढा उपसतो, तर सीटखाली उंदरिणीचं बाळंतपण झालेलं आणि वायरी कुरतडून तिनं घर केलेलं. मी अंगणभर ओरडतोय. तू ती गुलाबी पिल्लं सुपात गोळा करतेस, परसातल्या बांधापलीकडं नेऊन ठेवतेस आणि रिकामं सूप झटकत म्हणतेस, "मग सांगायचं ना, तिला पेंढा चालत नाय. आमच्या बैलानं कदी तक्रार नाय केली."

त्याच उन्हाळ्यात तू म्हणालीस, "एकदा मला माहेरी सोड रं गाडीवरनं. घरात गाडी असून मी शिळफाट्याला रिक्षाची वाट बघत बसते, बाया हसतात." तुझं माहेर पळसदरीला, असं कितीसं लांब! पण मी गाडी घेतल्याघेतल्या साडीगार्ड काढून टाकलं होतं. त्यानं गाडी म्हाताऱ्या माणसाची दिसते, असं तेव्हा आम्हा सगळ्या पोरांचं मत. तू एका बाजूला पाय सोडून बसून बघितलंस. पाय लोंबकळले, साडीचा काठ चाकाशी गेला. "पाय कुठं ठेवू? तुझ्या खिशात?" मी म्हटलं, गार्ड बसवून घेतो, मग जाऊ. गार्ड तोवर परसात होतं. तू ते कारल्याच्या वेलाला आधार म्हणून मातीत रोवलं होतंस, वेल मस्त चढला होता. मग पावसाळा लागला, मग भातकापणी, मग दिवाळी. निघताना मी म्हणालो, "आल्यावर नक्की." तू म्हणालीस, "जा रं. ती नि मी हाय ना इथं."

दुसऱ्या हिवाळ्यात पेंढा नव्हता, गोधडी होती. आणि तू गाडीला फिरवायला लागलीस. फोनवर शेजारच्या काकूनंच सांगितलं, "तुजी आय रोज सकाळी गाडी धरून खळ्याला फेऱ्या मारते. मी म्हटलं, रेडा फिरवतेस का गं?" मग तू फोन ओढून घेतलास. "उभं जनावर आखडतं. तुला काय कळतंय!" मी इतका हसलो की तंबूतली पोरं बघायला आली. त्यांनाही सांगितलं, तीही हसली. तिथला उंटवाला मात्र हसला नाही. तोही सकाळी उंटांना असंच नुसतं फिरवून आणायचा, ओझं नाही, काही नाही. उंट बसतो तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतो, तू वाकून चूल फुंकायचीस ना, तसा. पण ते राहू दे, मी कुठल्या कुठे गेलो.

माघात तू गेलीस. छातीत दुखलं आणि खोपोलीला नेईपर्यंत संपलंच, असं दादा म्हणाला. मी तेव्हा आत वाळवंटात होतो, तिथं फोन लागत नव्हता. आलो तेव्हा दहावं उरकलं होतं. घरात बसवेना म्हणून गोठ्यात आलो. खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर चाकाच्या रेघा, एकात एक गोल, आणि बाजूनं तुझी पावलं. गोधडी काढली. दोन्ही चाकांत हवा होती. डाव्या बाजूला गार्ड बसवलेलं होतं.

काकू मागून आली. म्हणाली, "तिनंच नेलती, शिळफाट्याच्या गॅरेजात. ढकलत. मी होते ना संगती. अर्धा दिस गेला आमचा. रस्त्यात एक टेंपोवाला वरडला, मावशी, पेट्रोल संपलं का? तर तुजी आय म्हणते, नाय रं, माहेरपणाला नेते." मग काकूनं चाकाच्या रेघांकडं बोट दाखवलं. "खळ्यात फिरवायची ना, ते हात बसावा म्हणून. मला पण शेवटालाच सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली, आल्यावर बघू दे त्याला."

आई, कारल्याच्या वेलाचा एक वाळका तणावा अजून त्या गार्डाला गुंडाळलेला आहे. घट्ट, तारेसारखा. गाडी धुताना मी तेवढा भाग सोडून धुतो. दर वर्षी पोरं म्हणतात, काढ की ते, म्हातारी दिसते गाडी. मी म्हणतो, दिसू दे. पळसदरीच्या रस्त्यानं कितीदा गेलो असेन, धरणाकडे वळायची पाटी येते, मामाचं घर तिथून जवळच, आणि मी पुढं निघून जातो. दादा मघाशी म्हणाला, "मी फिरवीन हिला अधनंमधनं, तू जा." मी हो म्हणालो. पण तो ढकलत नाही, चालू करतो, मला माहीत आहे.

हा कागद सीटखाली ठेवावा म्हटलं, पण तिथं उंदीर. गोधडीच्या घडीत राहू दे. एकच सांगायचं होतं, तेवढं सांगतो. रस्त्यात कुणी पुरुषमाणसानं हात केला तर मी बसवून घेतो. पण एखादी बाई थांबवते, हातात पिशवी, म्हणते, बाबा, फाट्यापर्यंत सोड. तेव्हा मी सांगतो, मावशी, गार्ड सैल आहे, पाय ठेवाल आणि पडाल.

गार्ड सैल नाही, आई. मी रोज हलवून बघतो.