प्राणीघराची नोंदवही आणि इतर मिळकत

मी, वय बावन्न, औषध-संशोधन केंद्राच्या प्राणीघरातला उंदरांचा रखवालदार, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीचा पुरावा हवा असेल तर, प्रयोग चालवणाऱ्या आमच्या सरांचा राग मला अजून येतो.

१. आम्ही दोघं राहतो ते माझं दोन खोल्यांचं घर धाकट्या बहिणीला. अट एकच. कपाटातली तिची वजन उतरवायच्या गोळ्यांची डबी तिने आधी मोरीत ओतून रिकामी करावी.

२. कारण नोंदवून ठेवतो. उंदराच्या खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते. ती अंगातली शेगडी. या गोळ्यांतलं उत्तेजक औषध त्या शेगडीला फुंकर घालतं. आमचे उंदीर चार अंशांच्या थंड खोलीत होते. वाळले, पण जगले. सरांनी तेवढंच छापलं. पुढे एका दुपारी गार करणारं यंत्र बंद पडलं. मात्रा तीच, खोली तापलेली. चोवीस उंदीर लाळेने भिजून, पाय पसरून मेले. मी नोंदवहीत लिहिलं. सरांनी न वाचता खाली सही ठोकली आणि वर म्हणाले, "यंत्राचा दोष रे, औषधाचा नाही."

३. बहीण लॉन्ड्रीत आठ तास वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असते.
"दादा, मी काय उंदीर आहे?"
"नाहीस. उंदरांवर निदान कुणी लक्ष ठेवतं."
"उंदरांना आरसा नसतो, दादा."


४. पोट मलाही सुटलंय. महिनाभर तिच्याच डबीतून मीही गिळल्या. हसा. परवा जिन्यात कोसळलो. ताप चाळीस अंश. त्या दिवसापासून सोडल्या. छातीतली धडधड मात्र मला सोडेना, म्हणून हा कागद.

५. थर्मामीटर बहिणीला. नोंदवही आरोग्य खात्याला. चोवीस उंदरांचं ते पान सोबत जोडलं आहे. सरांना काही नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, आणि साक्षीदार तेच आहेत.

स्थळ: प्राणीघर. दिनांक अठरा, भर उन्हाळा, दुपारचे दोन. बाहेर एकेचाळीस अंश. आज सकाळी डबीत कालच्यापेक्षा दोन गोळ्या कमी होत्या.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: सर. (सही. प्रत्येक पानावर, जोडलेल्या पानावरही. एकही न वाचता.)

साक्षीदार दुसऱ्या: झाडलोट करणाऱ्या मावशी. (सही. सगळं वाचून. म्हणाल्या, "अहो, कागद राहू द्या, आधी तिला फोन लावा." तीनदा लावला. उचलत नाही.)